नागोजीराव आणि दुपारची हवा

आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात गाळणकागद कापण्यासाठी एक लांब, काळी, लोखंडी कात्री होती. विभागाच्या साहित्ययादीत तिची नोंद नव्हती, कारण ती नागोजीरावांची होती आणि त्यांच्या घरच्या शिवणाच्या दुकानातून आली होती. बाजारात तयार गोल गाळणकागद मिळत असताना नागोजीराव मोठे ताव मागवीत आणि टेबलावर पसरून स्वतः कापीत. तयार कागदाची कड त्यांना पसंत नसे. एप्रनच्या खिशात मापे घेण्याची टेप असे. वर्षाच्या आरंभी तिने ते दोन ब्युरेट-स्टँडमधले अंतर मोजीत आणि मुलांची कोपरे एकमेकांना लागणार नाहीत अशा बेताने टेबले लावीत. मापे घेताना ओठांत धरायला टाचण्या नसत, तरी ओठ मात्र सवयीने मिटलेले असत.

ते विभागात प्रयोगशाळा-सहायक होते. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी मैसूरला येऊन स्थिरावलेले. घरात मराठी, बाहेर कन्नड आणि विठ्ठलाच्या देवळात दोन्ही. देवराज मोहल्ल्यातले दुकान थोरले बंधू चालवीत. त्यांना सगळे अण्णा म्हणत. दुकानाच्या मागच्या खोलीत थोरली बहीण, अक्का, हाताने काज करीत बसे. अक्का लहान वयात विधवा होऊन माहेरी परत आली, आणि आई गेल्यावर नागोजीरावांना तिनेच वाढवले. नागोजीरावांनी लग्न केले नाही. घरात पदवी मिळवणारे ते पहिलेच. त्यामुळे कोणते पाणी उकळावे, कोणते औषध फेकून द्यावे, कोणत्या रंगाची मिठाई आणू नये, याबाबत त्यांचा शब्द अखेरचा असे. ते विचारीत नसत, सांगत.

मी लग्नानंतर सांगलीहून मैसूरला आले, चामराजपुरममध्ये राहू लागले आणि त्याच विभागात अध्यापिका म्हणून रुजू झाले. मला कन्नड येत नव्हते आणि ज्या भाषा येत होत्या त्यांतही मी फारशी बोलत नसे. नागोजीराव माझ्याशी मराठी बोलत. त्यांची मराठी मला आरंभी अनोळखी वाटली, कारण वाक्य मराठीत सुरू होऊन मध्येच कन्नडच्या गल्लीत शिरे आणि दुसऱ्या टोकाने पुन्हा बाहेर येई.

"मॅडम, तुमची मराठी पुस्तकातली," ते एकदा म्हणाले. "आमची वापरातली. धुऊन धुऊन स्वल्प आटली आहे, अष्टे. एवढंच."

विद्यार्थ्यांना ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: नाकावर आणि डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. एखादा मुलगा परीक्षानळी नाकाशी नेऊन "सर, वास येत नाही, म्हणजे वायू निघालेला नाही," असे म्हणाला की नागोजीराव शांतपणे विचारीत, "तुझं नाक कुठल्या कंपनीचं? त्यावर अचूकतेचा शिक्का आहे?" वर्ग हसे, नागोजीराव हसत नसत. त्यांच्या लेखी ती थट्टा नव्हतीच.

त्यांचा हा आग्रह एकदा जाहीरपणे प्रकट झाला. महाविद्यालयात पर्यावरणाविषयी कार्यक्रम होता. प्रमुख पाहुण्यांनी भाषणाच्या भरात सांगितले की चामुंडी टेकडीवरची हवा ओझोनने भरलेली असते, म्हणून सर्वांनी रोज टेकडी चढावी आणि तो ओझोन छातीत भरून घ्यावा. शेवटच्या रांगेतून नागोजीराव उठले.

"सर, एक शंका. हवा ओझोनने भरलेली असती तर टेकडीवर पोचलेला माणूस खोकत खोकत उतरला असता ना?"

पाहुणे हसून म्हणाले, "अहो, ओझोन तर पृथ्वीचं छत्र आहे!"

"छत्र डोक्यावर धरतात, सर. गिळत नाहीत."

प्राचार्यांनी घाईने आभारप्रदर्शन सुरू करायला लावले. दुसऱ्या दिवशी नागोजीरावांना बोलावणे आले आणि ते परत आले तेव्हा त्यांचे ओठ नेहमीपेक्षा घट्ट मिटलेले होते. पण त्या दुपारी चहाच्या वेळी त्यांनी मला आणि दोन सहकाऱ्यांना जमिनीलगतचा ओझोन कसा तयार होतो ते समजावून सांगितले. मी तो विषय पुढे अनेक वर्षे शिकवला. त्याहून चांगले मला कधीही जमले नाही.

"हे शिवणकाम आहे, नोडी, बघा," त्यांनी टेबलावरची चिंधी उचलली. "ओझोन कुठल्याही गाडीच्या नळीतून बाहेर पडत नाही. गाडीतून पडतात नायट्रोजनचे ऑक्साइड आणि न जळलेल्या पेट्रोलची वाफ. ऊन ही कात्री. ती नायट्रोजन डायऑक्साइडचा एक तुकडा कापते. तो तुकडा म्हणजे सुटा ऑक्सिजन. त्याला एकट्याला राहवत नाही. हवेतल्या जोडीच्या ऑक्सिजनला तो जाऊन टाचला जातो. दोनाचे तीन झाले, ओझोन झाला. मत्ते, मग कापून उरलेला जो नायट्रिक ऑक्साइड आहे, तो काय करतो? तोच टाका उसवतो. आपला तुकडा परत घेतो. शिवलं, उसवलं, शिवलं, उसवलं. असं चाललं तर ओझोन साठणारच नाही."

"मग साठतो कसा?" एका सहकाऱ्याने विचारले.

"वाफेमुळे. पेट्रोलची, थिनरची, रंगाची वाफ उन्हात मोडते आणि त्या नायट्रिक ऑक्साइडला परस्पर पुन्हा डायऑक्साइड करून टाकते. उसवणारा कारागीर पळवला. कात्री चालूच, टाचणं चालूच, उसवायला कोणी नाही. मग दुपारपर्यंत ढीग लागतो. म्हणून ओझोनला ऊन हवं, वेळ हवा. मोठ्या शहरांत हेच होतं. आपलं शहरही काही लहान राहिलेलं नाही."

एवढे सगळे ठाऊक असलेल्या माणसाच्या हातून जे घडले, त्याविषयी लिहिण्यासाठी मी हे लिहीत आहे.

अक्काला दमा होता. देवराज मोहल्ल्यातील वाहने वाढत गेली तशी तिची धापही वाढली. सकाळी माल उतरवणारे टेम्पो दुकानासमोर इंजिन चालू ठेवून उभे राहत. धूर मागच्या खोलीत येई. अक्का पदर तोंडावर घेई आणि काज करीत राही. नागोजीरावांनी धूर पाहिला, धाप पाहिली आणि निर्णय घेतला. शहराबाहेर, नंजनगूड रस्त्यावर कडकोळच्या अलीकडे, रस्त्यापासून बरेच आत, नारळीच्या झाडांत एक लहान घर त्यांनी घेतले. घराला दक्षिणेकडे रुंद पडवी होती.

अक्काला जायचे नव्हते. मी त्या दिवशी ब्लाउज आणायला दुकानात गेले होते, म्हणून ते बोलणे माझ्या कानांवर पडले.

"तिथं कोण हाय रे बोलायला? सुम्मने, उगाच झाडाशी बोलू?"

"हवा आहे, अक्का. शुद्ध."

"हवेला काय विचारू? तुझी पोरं कशी हायत म्हणून?"

"डॉक्टर म्हणाले, धुरापासून दूर ठेवा."

"डॉक्टर म्हणाले दूर. तू म्हणतोस कडकोळ."

अण्णा मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "शिकलेला हाय. कळतं त्याला. जा तू."

अक्का गेली. नागोजीरावही तिथे राहून महाविद्यालयात ये-जा करू लागले. तिच्याबरोबर तिचे पायाचे मशीन गेले आणि दर आठवड्याला अण्णांकडून काजांचे गठ्ठे जाऊ लागले. पडवीत भरपूर उजेड होता. हातकाजाला उजेड लागतो. सकाळी स्वयंपाक आणि देवपूजा, दुपारी जेवण झाल्यावर काज, ही तिची चाळीस वर्षांची रीत होती. बारा ते पाच या वेळात ती पडवीत बसे.

पहिला पावसाळा चांगला गेला. थंडीही बरी गेली. नागोजीराव प्रयोगशाळेत क्वचितच गुणगुणत, पण त्या काळात मी ते दोनदा ऐकले. मग फेब्रुवारी सरला, आभाळ कोरडे झाले आणि अक्काची छाती पुन्हा भरू लागली. सकाळी ती ठीक असे. तीनच्या सुमारास खोकला सुरू होई, श्वास आखूड होई आणि दिवेलागणीनंतर आपोआप सैल पडे.

"मन लागत नाही तिचं," नागोजीराव मला म्हणाले. "दुपारी एकटेपण खायला उठतं. दम्याला निमित्त पुरतं, मॅडम."

दुपारी तीन वाजता, उन्हाच्या दिवसांत, शहरावरून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला. मला त्या क्षणी एक शंका आली होती, हे मी प्रांजळपणे नमूद करते. पण ते वयाने मोठे होते, विषय त्यांच्या घरचा होता, आणि ज्याने मला हा विषय शिकवला त्यालाच तो सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. 

अखेर ती गोष्ट उघडकीस आली ती अक्काच्या तक्रारीमुळे, आणि तक्रार श्वासाची नव्हती. बॉबिन भरण्याच्या लहान चाकावर एक रबरी कडी ताणून बसवलेली असते. ती चिरली की बॉबिन भरत नाही. एका रविवारी अक्काने ती कडी नागोजीरावांच्या हातावर ठेवली.

"ही तिसरी. दुकानात एक कडी वर्षानुवर्षं चालायची. इथं उन्हाळ्यात तीन. अण्णाला सांग, रद्दी माल देऊ नको म्हणून."

सोमवारी नागोजीरावांनी ती कडी कागदात गुंडाळून विभागात आणली आणि माझ्या टेबलावर ठेवली. रबरावर बारीक, समांतर, आडव्या भेगा होत्या. ज्या दिशेने रबर ताणलेले होते तिला काटकोनात. ताणलेल्या रबराला ओझोन असाच चिरतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

"उन्हानेही चिरू शकतं," मी म्हणाले. ते खरे होते; पण मी ते त्यांना धीर देण्यासाठी म्हणाले.

"हौदू, हो," ते म्हणाले. "मग बघूच."

त्यांनी रबराच्या सारख्या पट्ट्या कापल्या. काही लाकडाच्या फळीवर ताणून बसवल्या, काही तशाच सैल ठेवल्या, काही ताणून झाकणबंद बरणीत घातल्या. सगळ्या सावलीत ठेवायच्या होत्या. शिवाय त्यांनी खळ आणि पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण शिजवून कागदावर चोपडले आणि काळ्या कात्रीने त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या केल्या. ओझोन लागला की असा कागद निळसर-जांभळा होतो. एक संच दुकानाच्या दारावर, एक माझ्या चामराजपुरमच्या गच्चीवरील सावलीत, एक कडकोळच्या पडवीत. तिन्हीकडे कोरड्या दिवशी, दुपारी त्याच तासांत. दोन आठवडे आम्ही पट्ट्या बदलत राहिलो. माझ्याकडच्या पट्ट्या मी डब्यात नेऊन त्यांच्या हाती देत असे आणि त्यांच्या मुद्रेकडे पाहण्याचे टाळत असे.

निकाल स्पष्ट होता. दुकानाच्या दारावरची पट्टी जेमतेम मळकट झाली. चामराजपुरमची फिकट निळी. पडवीतली गडद. असला कागद ढोबळ साक्षीदार असतो, दमटपणाने फसतो, नायट्रोजन डायऑक्साइडनेही थोडा रंगतो. पण तो वायू तर बाजारात अधिक, आणि बाजारातलीच पट्टी फिकी होती. रबराची साक्ष त्याहून पक्की निघाली. पडवीतल्या ताणलेल्या पट्ट्या चिरल्या. तिथल्याच सैल आणि बरणीतल्या पट्ट्या धड राहिल्या.

"बाजारात गाड्या उभ्या," नागोजीराव खिडकीकडे पाहत म्हणाले, "ताजा नायट्रिक ऑक्साइड ओकतात. म्हणजे उसवणारे कारागीर तिथे भरपूर. ओझोन जन्मला की तिथल्या तिथे संपतो. धूर वाऱ्याबरोबर निघतो, वाटेत ऊन लागतं, कारागीर मागे राहतात. अक्काच्या पडवीत पोचेपर्यंत तयार कपडा." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मी तुम्हाला हे सगळं सांगितलं होतं, अल्ला? नाही का?"

"हो," मी म्हणाले.

"डोळ्यांवर विश्वास ठेवला मी. धूर दिसत होता तो."

त्या रविवारी त्यांनी मला बरोबर बोलावले. पट्ट्यांविषयी साक्ष देण्यासाठी असावे. अण्णाही आले होते. अक्का पडवीत चटईवर बसली होती, मांडीवर शाळेच्या शर्टांचा गठ्ठा. साठी केव्हाच ओलांडलेली, किरकोळ अंगाची, बोलताना दर वाक्यानंतर थांबून श्वास गोळा करणारी. नागोजीरावांनी तिच्यासमोर तीन पट्ट्या ओळीने मांडल्या.

"अक्का, मी चुकलो."

"काय झालं? आमटीत मीठ दोनदा घातलंस?"

"तुला इथे आणलं ते चुकलं."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. तेच शिवणे, तेच उसवणे, पण आवाज निराळा होता. अक्काने एकदाही मध्ये तोंड घातले नाही. संपल्यावर तिने गडद पट्टी उचलून डोळ्यांजवळ नेली.

"म्हणजे बाजारातला धूर इथवर येतो?"

"येतो."

"मला बसनं पाऊण तास लागतो. त्याला?"

"वाऱ्यावर आहे. दुपारपर्यंत पोचतो."

"तिकीट पण नाय काढत," अक्का अण्णांकडे पाहून म्हणाली. अण्णा हसले. ती पुढे म्हणाली, "निघताना तान्हा, पोचेपर्यंत बाप्या. असंच ना?"

"असंच."

"मग आता?"

"उपाय आहे," नागोजीराव पटकन म्हणाले. "दारं-खिडक्या बंद केल्या की घरात तो फार उरत नाही. भिंतींना, कपड्यांना लागून संपतो. उन्हाळ्याचे तीन महिने अकरा ते पाच आत राहायचं. दार उघडायचं नाही. झालं."

"अन् काज कधी करू?"

"दिव्यात."

"दिव्यात केलेलं काज, काज नसतं नागू. भोक असतं."

"मग करू नको. साकु आता. चाळीस वर्षं केलंस, पुरे."

 अक्काने हातातला शर्ट मांडीवर ठेवला, त्यावरून तळहात फिरवला.

"इथं आणताना मला विचारलं होतंस?"

नागोजीरावांनी अण्णांकडे पाहिले. अण्णा नारळीकडे पाहत होते.

"नाही."

"आता काज सोड म्हणतोस. हे तरी विचारतोस, का सांगतोस?"

  नागोजीराव चटईवर, तिच्यासमोर बसले.

"विचारतो. अक्का, तुला कुठं राहायचं आहे?"

"तिथं धूर नाय काय?"

"आहे. तोही वाईटच. तिथे गेलीस तर दमा जाणार नाही. औषध, पंप, सगळं राहील. इथे दुपार वाईट, तिथे सकाळ. अमुक जागी तू बरी होशील, असं मला सांगता येत नाही. खरंच गोत्तिल्ला, अक्का. ठाऊक नाही."

अक्काने बराच वेळ श्वास गोळा केला.

"तिथला धूर वळखीचा हाय. टेम्पो आला की दिसतो, मी पदर घेते. मागच्या खोलीत वरून काचेतनं उजेड येतो, दार लावलं तरी येतो. दुपारी तिथं बसून काज होतं. देवळातल्या बायका येता-जाता हाक मारतात. धाप लागली तर लागली. माणसांत लागेल." मग अण्णांना म्हणाली, "टेम्पो कधी पाठवतोस?"

"कोणता टेम्पो?" अण्णा गोंधळले.

"मशीन काय डोक्यावर घेऊन येऊ?"

पुढच्या आठवड्यात ती परतली, नागोजीरावही परतले. सकाळचा माल मागच्या गल्लीत उतरवावा म्हणून ते शेजारच्या दुकानदारांना भेटले. निम्म्यांनी ऐकले. मागच्या खोलीच्या दाराला त्यांनी जाड कापडाची पट्टी शिवून लावली. अक्काचा दमा गेला नाही. वाढलाही नाही. दवाखान्यात तिला दोनदा ठेवावे लागले, दोन्ही वेळा पावसाळ्यात, आणि दोन्ही वेळा ती परत आली.

महाविद्यालयात बदल इतकाच जाणवला की नागोजीराव सल्ला देईनासे झाले. पूर्वी कोणी विचारले, "राव सर, घर बांधायचं आहे, हवा कुठे चांगली?" की ते तत्काळ एखाद्या भागाचे नाव घेत. आता ते विचारीत, "किती वाजता?" माणूस चक्रावे. "म्हणजे घरात कोण कोण आहे, कोण किती वाजता कुठे बसतं, काय करतं, ते आधी सांगा. नंतर बघू." बहुतेक जण कंटाळून निघून जात. सहकारी म्हणत, राव आता म्हातारे झाले. मला तसे वाटले नाही, परंतु मी कोणाला तसे सांगितलेही नाही.

ते निवृत्त झाले, नंतर काही वर्षांनी मीही झाले. त्यांची शेवटची भेट एप्रिलमधल्या एका दुपारी झाली. शिवायला टाकलेले काही कपडे आणायला मी दुकानात गेले होते. अण्णा पुढे एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचे माप घेत होते. त्यांनी मानेनेच मला मागे जायला सुचवले. दार लोटलेले होते. आत छताच्या काचेतून एक चौकोनी उजेड खाली उतरला होता आणि त्यात अक्का बसली होती. तिच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आला होता. शेजारी पाटावर नागोजीराव बसले होते, आणि अक्काला आता सुईचे नेढे दिसत नसल्यामुळे एकामागून एक सुया ओवून देत होते. दोऱ्याचे टोक ओठांत ओले करायचे, सुई उजेडात धरायची, एक डोळा मिटायचा. ओवलेल्या दहा-बारा सुया त्यांच्या सदऱ्याच्या छातीवर ओळीने टोचलेल्या होत्या आणि प्रत्येकीला सारख्याच लांबीचा पांढरा दोरा लोंबत होता.

"बन्नी, या मॅडम, बसा," ते म्हणाले आणि पुन्हा सुईकडे वळले.

मी बसले. भिंतीवर एक लहान पंखा फिरत होता. छातीवरचे दोरे त्याच्या वाऱ्याने एकदम एका बाजूला उडत आणि परत येत. अक्काने हातातले काज संपवले, दोरा दाताने तोडला आणि मान वर न करता म्हणाली, "नागू, पंखा बंद कर. दोरा हलतो."

बाहेर कडक ऊन होते. खोली तापली होती, आणि अक्काच्या गळ्याशी श्वासाची बारीक शीळ ऐकू येत होती. नागोजीरावांनी तिच्याकडे पाहिले, तोंड उघडले आणि मिटले. मग हातातली अर्धवट ओवलेली सुई जपून धरत ते उठले आणि त्यांनी पंखा बंद केला.